‘एवढं झाल्यावर वाईट वाटणारच’ म्हणून सोडून देऊ नका : दीर्घ आजारात आणि अपंगत्वात मनाची काळजी कशी घ्यावी

पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलातून पेशंट घरी येतो तेव्हा सोबत जाडजूड फाइल येते. गोळ्या किती वाजता, फिजिओथेरपी कोणत्या दिवशी, पथ्य काय, टाके कधी काढायचे, सगळं लिहिलेलं असतं. या माणसाचं मन आता कशाकशातून जाणार आहे, याबद्दल बहुतेक फायलींत एक ओळही नसते. मग घरचे आपापल्या परीने सांभाळतात. सुरुवातीला सगळे जवळ बसतात, पाहुणे भेटून जातात. दोन-तीन महिन्यांनी माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला, की प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो : ‘एवढं झाल्यावर वाईट वाटणारच.’

मी रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते, आणि या एका वाक्यामुळे वाया गेलेली वर्षं मी खूप घरांत पाहिली आहेत. वाईट वाटणार, हे खरंच आहे. पण वाईट वाटणं वेगळं आणि नैराश्याचा आजार होणं वेगळं. दुसऱ्यावर उपचार आहेत आणि ते लागूही पडतात. पक्षाघातानंतर साधारण तीन माणसांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य येतं. मधुमेह असलेल्यांत ते इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. हार्ट अटॅकनंतर आलेलं नैराश्य तसंच राहिलं तर हृदयाचा पुढचा धोकाही वाढतो. निराश माणूस गोळ्या चुकवतो, व्यायाम टाळतो, जेवणाखाण्याचा ताल सोडतो आणि शरीर आणखी मागे पडतं.

याची उलटी बाजूही तितकीच घातक आहे. बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी आजी गेल्यानंतर वस्तू फेकायला लागली, तर सगळे म्हणतात, ‘तिचं असंच असतं.’ तिला आजीची आठवण येत असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. अपंगत्व दिसलं की त्यामागचं माणसाचं साधं दुःख दिसेनासं होतं. पुढे जे काही लिहिलंय, ते या दोन्ही चुका टाळण्यासाठी आहे.

आधी शरीराची खात्री करून घ्या

मनाचे वाटणारे कितीतरी त्रास रक्तातून नाहीतर औषधाच्या पाकिटातून आलेले असतात. थायरॉइडचं काम मंदावलं असेल, बी-१२ कमी असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल तर माणूस सुस्त, उदास, विसराळू होतो. स्टेरॉइड सुरू असताना काही जण रात्र-रात्र जागतात, अखंड बोलतात किंवा एकदम रडवेले होतात. फिट्ससाठी दिलं जाणारं लेव्हेटिरासिटाम काहींना कमालीचं चिडकं करतं. म्हणून समुपदेशक शोधण्याआधी एका कागदावर तारखा लिहून काढा : कोणतं औषध कधी सुरू झालं, डोस कधी बदलला, स्वभावात फरक कधीपासून जाणवला. तो कागद घेऊन मूळ आजाराच्या डॉक्टरांना भेटा. औषध स्वतःहून बंद मात्र करू नका. स्टेरॉइड किंवा फिट्सची गोळी एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.

पक्षाघातानंतर काही जणांना कारण नसताना एकदम रडू फुटतं, नाहीतर हसू येतं आणि आवरत नाही. घरच्यांना वाटतं, बिचाऱ्याला किती दुःख होतंय, आणि ते लोकांचं येणंजाणं बंद करतात. प्रत्यक्षात मेंदूला झालेल्या इजेमुळे भावनेचा ब्रेक सैल झालेला असतो, आत त्या वेळी दुःख असेलच असं नाही. यावर औषध मिळतं, न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट सांगा.

आणि वयस्कर माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखा वागायला लागला, माणसं ओळखेनासा झाला, रात्री उठून भांडायला लागला, तर ‘मनावर परिणाम झाला’ म्हणत बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवीन औषध, काहीही असू शकतं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

दुःख कोणतं आणि नैराश्य कोणतं

नैराश्य ओळखायला डॉक्टर जगभर एक नऊ प्रश्नांची यादी वापरतात. अडचण अशी की त्यात झोप, भूक, थकवा, मंदपणा यांचेही प्रश्न आहेत, आणि डायलिसिसवर असलेल्या किंवा किमोथेरपी चालू असलेल्या माणसाला हे सगळं आजारामुळेच होत असतं. त्यामुळे घरच्यांनी या गोष्टींवरून अंदाज बांधू नये. तीन गोष्टींकडे बघावं : आनंद, अपराधीपणा आणि आशा.

दुःख लाटेसारखं येतं आणि ओसरतं. मधल्या वेळात माणूस मॅचचा स्कोअर विचारतो, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुर करतो, नात आली की तिला जवळ घेतो. नैराश्यात ही मधली वेळच उरत नाही. नात समोर नाचली तरी चेहरा हलत नाही. ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’, ‘माझ्यामुळे पोरांचं वाटोळं झालं’ अशी वाक्यं वरचेवर येतात. पुढच्या महिन्याचं काही विचारलं तर ‘तेव्हा बघू, असलो तर’ असं उत्तर मिळतं.

सुरुवातीला दोनच प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटेनासा झालाय का? उदास, हताश वाटतंय का? बहुतेक दिवस, दिवसातला बराच वेळ असं होत असेल तर थांबू नका, तज्ज्ञाकडे जा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी त्या माणसालाच शून्य ते दहामधला एक आकडा टाकायला सांगा, आजचा दिवस कसा गेला त्याचा. पंधरा दिवसांनी ते पान डॉक्टरांना दाखवलं की ‘कधी बरं असतं, कधी नसतं’ या मोघम उत्तरापेक्षा त्यांना पुष्कळ कळतं.

उदासीशिवाय भीतीही बघायला हवी. हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस छातीत जरा कळ आली तरी घामाघूम होतो. अपघातात सापडलेली व्यक्ती कात्रज घाटाचं नाव काढलं तरी थरथरते. आयसीयूत बरेच दिवस काढलेल्यांना नंतर महिनोन्महिने भयानक स्वप्नं पडू शकतात. हे सगळं उपचाराने कमी होतं.

विचारायचं कसं

नारायण पेठेत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी एका काकांकडे जात असे. लिफ्ट नव्हती. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, वाचाही जवळपास गेलेली. मोजके शब्द उरले होते. मी विचारलं, ‘काका, झोप लागते का?’ काकू म्हणाल्या, ‘झोप चांगली आहे त्यांची.’ ‘जेवण?’ ‘जेवतात, पण भाजी नको म्हणतात.’ काकांनी डोळे मिटून घेतले होते. काकू प्रेमानेच बोलत होत्या, पण प्रत्येक उत्तर त्यांचंच होतं. मी त्यांना चहा टाकायला सांगितलं आणि काकांसमोर खुर्ची ओढून गप्प बसले. बराच वेळ गेला. मग त्यांनी डाव्या हाताने दाराकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘पालखी... नको.’ मंडळाची मुलं त्यांना खुर्चीत बसवून खाली नेत, तेव्हा जिन्यात प्रत्येक दारातून लोक बघायला येत. ते त्यांना सहन होत नव्हतं, म्हणून ते फिजिओथेरपीलाच नाही म्हणत होते. घरच्यांची समजूत होती की काकांनी हाय खाल्ली.

पुढे ठरलं ते असं : दुपारी जिना शांत असताना खाली जायचं, दोनच मुलं बोलवायची आणि निघण्याआधी काकांना इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालायचे. काका जायला लागले.

यातून घेण्यासारखं बरंच आहे. त्या माणसाशी एकट्याशी बोलण्याची वेळ काढा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, व्हीलचेअरवरच्या माणसाशी उभ्याने बोलू नका. एक प्रश्न विचारून थांबा आणि शांतता भरून काढायची घाई करू नका. वाचा गेलेल्या माणसाला अनेकदा समोरचं सगळं किंवा बरंचसं कळत असतं. त्याच्यासाठी हो-नाही असं उत्तर देता येईल असे प्रश्न करा, चित्रं किंवा शब्द लिहिलेली कार्डं ठेवा. वाक्य आपण पूर्ण करून टाकायचा मोह आवरा.

बहिऱ्या व्यक्तीशी मनातलं बोलताना तिच्याच शाळकरी मुलाला दुभाषा करू नका. आईच्या मनात जगण्याचा कंटाळा आहे, हे आठ वर्षांच्या मुलाने हातवाऱ्यांनी समुपदेशकाला सांगायचं, हे फार क्रूर आहे. भारतीय सांकेतिक भाषा येणारा दुभाषा मागा, किंवा लिहून बोला. दृष्टिहीन व्यक्ती असेल तर खोलीत कोण कोण आहे ते आधी सांगा, मध्येच कुणी आलं-गेलं तरी सांगा; नाहीतर ती मोकळेपणी बोलणारच नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या बाबतीत बोलण्यापेक्षा वागण्यातला बदल वाचावा लागतो : नेहमीचा मूड गेला का, आवडतं काम सोडलं का, स्वतःला चावणं-मारणं सुरू झालं का. अशा वेळी आधी दात, कान, पोट दुखत नाही ना ते तपासा, मग घरात अलीकडे काय बदललं ते आठवा.

जीव नकोसा झालाय का, हे सरळ विचारा

या प्रश्नाला सगळे घाबरतात. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटल्यासारखा बोलतो. शब्द साधे ठेवा : ‘बाबा, जगणं नको असं वाटतं का? जीव द्यायचे विचार येतात का?’ उत्तर हो आलं तर ‘असं बोलू नये’, ‘पोरांचा विचार करा’ असं म्हणू नका. ऐकून घ्या, काही ठरवलंय का ते विचारा, आणि त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका. आजारी माणसाच्या घरात औषधांचा साठा असतो. जादाच्या गोळ्या, इन्सुलिन कुलपात ठेवा आणि एका वेळी एका दिवसाचंच औषध हातात द्या.

सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्थाही आत्महत्या प्रतिबंधासाठी फोनवर ऐकून घेण्याचं काम करते. धोका समोर दिसत असेल तर सरळ ११२ किंवा १०८ लावा. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, वेगळं काही सिद्ध झालं नाही तर आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याला काळजी-उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे.

सुरुवातीच्या दिवसांत काय बोलावं

पाय काढावा लागलेल्या माणसाला तिसऱ्या आठवड्यात मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगू नका. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, हे थोरच आहे. पण नुकतीच जखम झालेल्या माणसाला त्यातून एवढंच ऐकू येतं की आता रडायचीही सोय नाही. त्याला भेटवायचं असेल तर आपल्यासारख्याच, पण दोन-तीन वर्षं पुढे गेलेल्या माणसाला भेटवा. जो बाथरूममध्ये कसं बसतो, रिक्षात कसं चढतो, रात्री कशाने रडू येतं, हे सांगू शकेल. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हे काम वर्षानुवर्षं मनापासून करत आहे. तिथे पेशंट आणि घरचे दोघेही येतात, आणि हात थरथरतोय म्हणून चहा सांडला तर कुणी वळून बघत नाही. स्किझोफ्रेनियासाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम आहे. आपल्या आजाराचा असा गट आहे का, हे डॉक्टरांना पहिल्याच महिन्यात विचारा.

‘सगळं पूर्वीसारखं होईल’ असं खात्री नसताना म्हणू नका. ‘काय होईल ते डॉक्टरांना दोघं मिळून विचारू’ हे खरं आणि पुरेसं आहे. निदान लपवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. कॅन्सरचा शब्द घरात कुजबुजत बोलला जातो आणि पेशंटला सगळं आधीच कळलेलं असतं. मग दोन्हीकडचे एकमेकांसमोर नाटक करतात आणि कुणालाच रडता येत नाही. त्याला किती जाणून घ्यायचंय ते त्यालाच विचारा. लहान मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल इतकं खरं सांगा, आणि ‘हे तुझ्या वागण्यामुळे झालेलं नाही’ हे नक्की सांगा. मुलं तसं समजत असतात.

कापलेला पाय दुखतो असं कुणी म्हणालं तर भ्रम समजू नका. ती वेदना खरी असते, मेंदूत त्या पायाचा नकाशा अजून शाबूत असतो. आरशासमोर व्यायाम करण्याची एक पद्धत आहे, औषधंही आहेत.

दिवस पुन्हा बसवा

सगळ्या उपायांत मला सर्वांत जास्त भरवसा याचा वाटतो. नैराश्यात माणूस म्हणतो, मन लागलं की करीन. गाडी उलटी चालवावी लागते : आधी थोडं करायचं, मन मागून येतं. यासाठी तीन प्रकारची कामं रोजच्या दिवसात हवीत. एक, स्वतःचं काहीतरी, दाढी किंवा वेणी, जमेल तेवढी स्वतःच्या हाताने. दोन, घराला उपयोगी पडेल असं काहीतरी. तीन, निव्वळ आवडीचं.

यातलं दुसरं घरचे प्रेमापोटी काढून घेतात. ‘तुम्ही फक्त आराम करा’ असं महिनोन्महिने ऐकलेल्या माणसाला आपण अडगळ झालोय असं वाटणारच. बसल्या जागी मटार सोलणं, लाइटचं बिल भरणं, नातवाचा पाढा घेणं, दूधवाल्याचा हिशेब ठेवणं, असं एक काम कायमचं त्यांच्याकडे द्या आणि मग त्यात ढवळाढवळ करू नका. एका हाताने वेळ लागेल, लागू द्या.

दुखणं किंवा थकवा असलेल्या आजारात, म्हणजे संधिवात, फायब्रोमायल्जिया, मल्टिपल स्क्लेरॉसिस, पाठीचं जुनं दुखणं, एक सापळा ठरलेला असतो. बरं वाटलं त्या दिवशी माणूस सगळा माळा आवरतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतो. मग ‘काही केलं की त्रासच होतो’ ही खूणगाठ पक्की बसते. त्यावर उपाय असा. साधारण दिवशी एखादं काम त्रास न वाढता किती वेळ जमतं ते चार-पाच दिवस मोजा, समजा उभ्याने स्वयंपाक बारा मिनिटं. मग त्याहून थोडा कमी, दहा मिनिटांचा वेळ ठरवा. घड्याळ लावा. दहा मिनिटं झाली की बसायचं, चांगलं वाटत असलं तरीही. वाईट दिवशीही शक्यतो तेवढं करायचं. आठवड्याने एखादं मिनिट वाढवा. हे कंटाळवाणं आहे, हळू आहे, पण आयुष्य परत हाताशी येतं. चांगल्या दिवशी थांबणं सर्वांत कठीण जातं, तिथे घरच्यांनी घड्याळाची बाजू घ्यावी. मल्टिपल स्क्लेरॉसिससारख्या आजारात किती आणि कधी वाढवायचं ते फिजिओथेरपिस्टना विचारून ठरवा.

बाहेर पडण्याची लाज किंवा भीती असेल तर तीही पायऱ्या करून मोडायची. आधी गॅलरीत बसणं, मग सोसायटीच्या गेटपर्यंत, मग वर्दळ नसताना कोपऱ्यावरच्या दुकानात, मग सारसबागेत एखादी संध्याकाळ. एका पायरीवर भीती ओसरेपर्यंत तीच पायरी पुन्हा करायची. जिथे जायचं तिथे उतार आहे का, वेस्टर्न टॉयलेट आहे का, हे आधी फोन करून विचारा. लघवीवर ताबा नसण्याच्या धास्तीने कितीतरी लोक घर सोडत नाहीत, आणि हे कारण ते कधीच सांगत नाहीत. पॅड, कॅथेटर, जादा कपडे यांची पिशवी तयार ठेवली की निम्मी भीती जाते. लोक टक लावून बघतील, कुणीतरी ‘काय झालं हो?’ असं विचारेल. त्यासाठी एक छोटं उत्तर आधीच पाठ करून ठेवा. ‘अपघात झाला होता, आता बरा आहे’ एवढं पुरतं.

मनातलं वाक्य तपासा

विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे त्रास देणारा विचार तपासून बदलण्याची पद्धत, महाराष्ट्रात बऱ्याच जणांना परिचयाचा आहे, आणि आजारपणात तो उपयोगी पडतो. घरी करायची रीत सोपी : त्रास झाला त्या वेळी मनात कोणतं वाक्य आलं ते वहीत लिहा. ‘मला कुणाची मदत लागते म्हणजे मी कुचकामी.’ मग त्या वाक्याला प्रश्न विचारा. हे माझ्या मित्राला लागू केलं असतं का? यात घडलेलं किती आणि मी जोडलेलं किती? खोटं गोड वाक्य लिहायचं नाही. ‘मला आंघोळीला मदत लागते, ते मला आवडत नाही, पण मुलीच्या लग्नाचे निर्णय मीच घेतो’ हे खरं वाक्य आहे आणि त्यावर उभं राहता येतं. परिस्थिती खरोखर वाईट असेल, पगार बंद झाला असेल, तर विचार बदलण्याचा हट्ट नको. तिथे आर्थिक प्रश्नच सोडवायला घ्यावा.

तज्ज्ञ कोण आणि कुठे

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार आणि चाचण्या करतात. त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. समुपदेशक म्हणवणाऱ्यांचं शिक्षण फार कमीजास्त असतं, म्हणून पदवी आणि अनुभव जरूर विचारा. पुण्यात ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग चालतो, आणि तिथे गेल्याने कुणी दाखल करून घेत नाही. आजारपणाच्या जोडीला दारू वाढली असेल, दुखणं विसरायला म्हणून अनेकांची वाढते, तर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

वेळ घेण्याआधी फोनवर विचारा : लिफ्ट आहे का, व्हीलचेअर दारातून जाईल का, ऑनलाइन किंवा घरी येऊन बोलता का, या आजाराच्या लोकांसोबत काम केलंय का. दोन-तीन भेटींनंतर तज्ज्ञ पेशंटऐवजी घरच्यांशीच बोलत असतील, तर दुसरे शोधा.

औषध लिहून दिलं तर सगळ्या चालू गोळ्यांची यादी दाखवा. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्राव वाढवू शकतात आणि वयस्करांत सोडियम उतरवू शकतात, म्हणून मूत्रपिंड, हृदय, फिट्स यांपैकी काही असेल ते आधी सांगा. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल’ असं शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून मध्येच सोडू नका.

एक विषय डॉक्टरही टाळतात, तो नवरा-बायकोच्या जवळिकीचा. मणक्याच्या इजेनंतर, स्तनाच्या ऑपरेशननंतर, स्टोमाची (पोटावर शौचासाठी किंवा लघवीसाठी लावलेली) पिशवी लागल्यावर दोघं वेगळ्या खोल्यांत झोपायला लागतात आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला आपण नकोसे झालो. डॉक्टरांना विचारा. मार्ग असतात, आणि नुसतं शेजारी झोपणंही पुन्हा सुरू करता येतं.

काळजी घेणारीचं काय

हे बहुतेक घरांत बाईवर पडतं : बायको, सून, आई. ती थकते, चिडते आणि चिडल्याबद्दल स्वतःला अपराधी मानते. ‘सुटले तर बरं’ असा विचार एखाद्या रात्री येऊन गेला तर ती राक्षसीण होत नाही, ती दमलेली असते. तिची पहिली गरज झोप. रात्री उठावं लागत असेल तर आठवड्यातल्या निदान दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी घ्यायलाच हव्यात, भाऊ, दीर, मुलगा किंवा परवडत असेल तर ब्युरोमधून मावशी नाहीतर ब्रदर. मावशी आल्यावर पहिले काही दिवस तिला पेशंटच्या सवयी शिकवाव्या लागतात, पेशंटही कुरकुर करतो. म्हणून लगेच तिला काढून टाकू नका.

लांबच्या नातेवाइकांनी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणं थांबवावं. त्याऐवजी ‘दर गुरुवारी दुपारी तीन ते सहा मी येतो, तू बाहेर जा’ असं म्हणावं आणि यावं. परदेशातल्या मुलाने पैसे पाठवण्याबरोबर औषधं ऑनलाइन मागवणं, विम्याचे कागद बघणं ही कामं स्वतःकडे घ्यावीत. आणि त्या दोन प्रश्नांची तपासणी, रस गेला का, हताश वाटतं का, काळजी घेणाऱ्या व्यक्तीचीही करावी.

कागदपत्रं आणि ‘आमच्यानंतर’

कागदांनी मन शांत होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, त्यात दीर्घ मानसिक आजार, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरॉसिस, थॅलेसेमियाही येतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढून घ्या. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही किंवा पद खाली आणता येत नाही. ‘आता माझी नोकरी जाणार’ म्हणून रात्री जागणाऱ्या माणसाला हे कलम छापून हातात द्या. मानसिक आजारासाठीच्या उपचाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं २०१७ चा कायदा सांगतो.

स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या आई-वडिलांच्या छातीवर एकच दगड असतो : आमच्यानंतर याचं काय? तो दगड नुसत्या धीराने हलत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. निरामय योजनेत अशा मुलांना एक लाखापर्यंतचं आरोग्य विमासंरक्षण आहे. मृत्युपत्र वकिलाकडून करून घ्या.

आणि घरच्या घरी एक वही लिहा. तो सकाळी कशाने उठतो, वरणभातावर तूप किती लागतं, ढोलताशाचा आवाज सुरू झाला की कुठल्या खोलीत न्यायचं, दुखलं तर कसा आवाज काढतो, कुणाचा फोन आला की शांत होतो, कोणत्या डॉक्टरांकडे हसत जातो. दोन्ही भावंडांना, मामाला, जो कोणी पुढे बघणार आहे त्याला ती वाचून दाखवा आणि आपण असतानाच त्याच्याकडे मुलाला दोन दिवस, मग चार दिवस राहायला पाठवा. परत आल्यावर त्या माणसाला विचारा, वहीत काय लिहायचं राहिलं होतं, आणि ते लिहून घ्या.